हजारो प्रवाशांना घडविणारे मानपत्र

गजेंद्र मोहोड सरांचं डोकं फिरलं ते 'बोध' या शब्दामुळे. तसे ते साध्या कारणानं डोकं फिरवून घेणाऱ्यांपैकी नाहीत. अमरावतीहून रोज स्कूटरनं वलगावच्या शाळेत यायचं, सातवीला मराठी शिकवायचं, डबा खायचा आणि परत जायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. पण त्या दिवशी त्यांनी वर्गाला एक गोष्ट वाचायला दिली. बकरी पाहुण्याचा फेटा खाते आणि पाहुणा बोडख्या डोक्यानं साखरपुड्याला जातो, एवढीच गोष्ट. "आता यावर लिहा," सर म्हणाले. अख्ख्या वर्गानं लिहिलं : 'ही गोष्ट मला फार आवडली. यातून आपल्याला चांगला बोध मिळतो.'

"कोणता बोध?" सरांनी विचारलं.

शेवटी नितेश उभा राहिला. "फेटा उंच टांगावा, सर."

त्यात नितेशचा काय दोष? ज्या पोरांना पहिलीपासून प्रत्येक पानाखाली बोध शोधायला लावलंय, ती बकरीच्या पोटातूनही बोधच काढणार. सरांनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरांत तीन प्रश्न लिहिले : काय वाचलं? काय वाटलं? काहून वाटलं?

फळ्यावर, तेही मराठीच्या तासाला, 'का'च्या जागी घरचं 'काहून' पाहून वर्गात खसखस पिकली. "सर, साहेब आले तर?" कोणीतरी विचारलं. "साहेबही वऱ्हाडातलेच आहेत," सर म्हणाले. "आजपासून बोध बंद. खरं वाटलं ते लिहायचं. आणि जो सगळ्यात खरं लिहील, तो अकोल्याच्या मेळाव्यात वाचेल. माझा शब्द आहे."

अकोल्याला शाळांचा वाचन-लेखन मेळावा होता. प्रत्येक शाळेतून एका मुलानं जायचं, वाचलेल्यावर लिहिलेलं मंचावर वाचायचं. मुख्याध्यापिका कौशल्या मॅडमनी ते पत्रक सरांच्या टेबलावर ठेवून दिलं होतं, कारण पत्रक आपल्या टेबलावर राहिलं की काम आपल्याला लागतं, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

आता वाचायचं काय? वाचनालयाचं कपाट होतं, पण त्याची किल्ली ज्या सरांकडे होती ते निवडणुकीच्या कामाला गेले होते, आणि किल्लीही त्यांच्यासोबत लोकशाही बळकट करायला गेली होती. तेव्हा सर म्हणाले, "घरी जे छापलेलं असेल ते वाचा. कागद असला म्हणजे झालं." हे वाक्य त्यांना पुढे महागात पडलं.

सुरुवात छान झाली. नितेशनं फवारणीच्या औषधाचं माहितीपत्रक वाचलं. 'काय वाटलं : भीती. काहून : त्यात लिहिलं आहे हातमोजे घाला. आमच्या घरी हातमोजे नाहीत. मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, अभ्यास कर.' सरांना हे वाचून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आचलनं तिच्या काकाच्या लग्नाची पत्रिका वाचली. 'काय वाटलं : नवरीची दया आली. काहून : निमंत्रकांची नावं मोठी आहेत, नवरीचं बारीक आहे. आमंत्रण लग्नाचं आहे का निमंत्रकांचं ते समजत नाही.'

हे वाचून सर खळखळून हसले. मग पत्रिका पाहिली आणि हसणं आटोपतं घेतलं. पत्रिकेचा मजकूर त्यांचाच होता.

इथे एक खुलासा करायला पाहिजे. वलगाव आणि आसपासच्या गावांत शुद्ध मराठीत काहीही छापायचं असलं की लोक मोहोड सरांकडे येतात. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, तेरवीची निमंत्रणं, सगळं सरच लिहून देतात. फुकट. बदल्यात सर एवढंच मागतात, की लोकांनी "वा" म्हणावं. आणि त्यांची खरी ख्याती म्हणजे सेवानिवृत्तीचं मानपत्र. 'आपण म्हणजे जणू एक विशाल वटवृक्ष' अशी सुरुवात केली की समोरची बायामाणसं पदराला डोळे पुसतात. असं मानपत्र एकदा जमून आलं, की दुसऱ्या माणसासाठी दुसरं झाड कोण शोधत बसतो? सर नाव बदलत, खातं बदलत आणि वटवृक्ष तोच ठेवत.

तर पोरांना वाचायला घरी सापडलं ते असं : अर्धं औषध कंपन्यांनी लिहिलेलं आणि अर्धं मोहोड सरांनी.

आठवड्याभरात शाळेत पालकांचे फोन सुरू झाले. पोरं घरी काहून काहून करून राहिली होती. एका आईनं मॅडमला सांगितलं, "मॅडम, पोट्टं म्हणते मी दूध पीत नाही, अन् वरून म्हणते, पाह्य, मी कारण बी सांगतो!" मॅडमनी सरांना बोलावून फक्त "मोहोड सर" एवढंच म्हटलं आणि पुन्हा संगणकाकडे वळल्या. त्यांचं "मोहोड सर" ज्यानं ऐकलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

सरांचे शेजारी कुंदन इंगोले सरकारी कचेरीत आहेत, त्यामुळे त्यांचा सल्ला न मागता मिळतो. "लेखी घ्या," ते कुंपणावरून म्हणाले. "पोरानं काय वाचलं, काय वाटलं, सगळ्यावर पालकाची सही. वाटण्यावर तर दोन सह्या." सरांनी मान हलवली. कुंदनरावांना लोक मान हलवतात तेवढं पुरतं.

आणि मग खुशीचा कागद आला.

खुशी खिडकीजवळ बसायची. नाव खुशी, पण तोंडावर ती दिसल्याचं कोणाला आठवत नव्हतं. आजवर तिचं उत्तर 'बोध मिळतो'च्या पलीकडे गेलं नव्हतं. या वेळी तिनं पाठपोट पान भरलं होतं. सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत डबा खाता खाता वाचायला घेतलं.

'मी आमच्या आबाजींचं मानपत्र वाचलं. ते समोरच्या खोलीत कूलरच्या वर टांगलेलं आहे. काय वाटलं : हे दुसऱ्या कोणाचं आहे असं वाटलं. काहून : यात लिहिलं आहे की आबाजी शांत आणि मृदुभाषी आहेत. आमचे आबाजी टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या माणसालाही ओरडतात. यात लिहिलं आहे की आबाजी वटवृक्ष आहेत आणि त्यांच्या शीतल छायेत सगळे बसतात. उन्हाळ्यात आबाजी कूलरला खेटून खुर्ची लावतात. मागे बसणाऱ्याला हवा येत नाही. यात लिहिलं आहे की त्यांनी हजारो प्रवाशांना घडवलं. मी आबाजींना विचारलं, प्रवाशांना कसं घडवतात? ते म्हणाले, मले काय माहीत, मी तिकिटं फाडत होतो. मग मी शेजारी देवराव आजोबांकडे काही वाचायला आहे का पाहायला गेले. त्यांच्याकडेही मानपत्र आहे. तेही वटवृक्ष आहेत. तेही मृदुभाषी आहेत. ते ढोरांच्या दवाखान्यात होते. त्यांनी हजारो जनावरांना घडवलं.'

सरांच्या हातातला पोळीचा घास हातातच राहिला. पुढे होतं :

'मी मानपत्र पुन्हा वाचलं. त्यात डबे नाहीत. आजी सांगते, गावातली पोरं अमरावतीला खोली करून शिकायची. त्यांच्या आया आबाजींच्या गाडीत डबे द्यायच्या. आबाजी स्टँडवर पोरांना डबे द्यायचे आणि कालचे रिकामे डबे घ्यायचे. डब्यात भाजी उरली असली तर सगळ्या स्टँडसमोर ओरडायचे, तुही माय अंधारात उठून चूल पेटवते, अन् तू भाजी टाकतं? एकदा एक पोरगा डबा घ्यायला आलाच नाही. ड्युटी संपल्यावर आबाजी त्याची खोली शोधत गेले. त्याला ताप होता. हे मानपत्रात काहून नाही? ज्यांनी लिहिलं त्यांनी आबाजींना काही विचारलंच नसेल असं मला वाटते.'

खरं सांगायचं तर सरांना आधी राग आला. फुकट लिहून दिलेल्या मानपत्रावर कोणी असं बोलतं का? मग त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि त्यांना गहिवरून आलं. ते मूळचे तिवशाचे. शिकताना त्यांचाही डबा एसटीनं यायचा, आणि तो आणून देणाऱ्या कंडक्टरचं नावही त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही पोरानं असं लिहिलं नव्हतं. याचसाठी मास्तर झालो, असं त्यांना वाटलं. आणि लगेच असंही वाटलं, की हे अकोल्याला भर मंचावर वाचलं गेलं तर मोहोड सरांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "अकोल्याला नितेश जाईल."

वर्ग सरांकडे पाहत राहिला. खुशीनं खिडकीबाहेर पाहिलं. आणि ज्याची निवड झाली होती तो नितेशच उठून म्हणाला, "काहून सर? खुशीचं माझ्याहून खरं आहे. आमी सगळ्यांनी वाचलं."

"बरं, पाहू," सर म्हणाले. मास्तर जेव्हा "पाहू" म्हणतो तेव्हा काय होतं हे पोरांना चांगलं माहीत असतं. खुशीनं वही मिटली ती तास संपेपर्यंत उघडली नाही. आता पुन्हा ती बोधच लिहील, सरांच्या मनात आलं, आणि जन्मभर लिहील.

रविवारी सकाळी सरांच्या अमरावतीच्या घरी दोन म्हातारे आले. एक खुशीचे आजोबा नत्थुजी आणि दुसरे देवरावजी. दोघांच्या काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेली एकेक चौकट. बसायच्या आधी त्यांनी दोन्ही मानपत्रं सोफ्यावर शेजारी शेजारी उभी केली आणि स्वतः उभे राहिले.

"गुर्जी," नत्थुजी म्हणाले, "नावं बोटानं झाकतो. आता सांगा, याच्यातला मी कोणता?"

सरांनी चष्मा पुसला. "नत्थुजी, भावना तीच होती."

"भावना तेच राहू द्या. मानूस तर तोच नोहता ना!"

देवरावजींचं दुःख वेगळं होतं. "मी येईल त्या पाहुण्याले वाचून दाखवून राहिलो इतके वर्सं. मले वाटे का असा कागद जिल्ह्यात कोणापाशी नाही."

"जनावरं घडवले, तेबी वाचत होता?" नत्थुजींनी विचारलं.

"तथी आलं का मी खोकलत होतो."

सरांची बायको आरती चहा घेऊन आली होती. तिनं दोन्ही चौकटी वाचल्या आणि ट्रे टेबलावर ठेवून पोट धरून हसली. मग खुशीचा कागद मागितला आणि कूलरपाशी पोचल्यावर नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "नत्थुजी एकटेच बसतात काय कूलरला खेटून?" सरांना हा प्रश्न अप्रस्तुत वाटला.

"पण मले हे सांगा," देवरावजी म्हणाले, "उष्टं कोणाचं? पहिले कोणाले देल्लं?"

हा प्रश्न गंभीर होता. दोघंही म्हातारे पुढे सरकले. सर गप्प बसले असते तर निभावलं असतं, पण माणूस अडचणीत असला की खरं बोलून जातो. "तुमच्या दोघांचंही नाही. पहिलं आमच्या सासऱ्यांसाठी लिहिलं होतं. ते शिक्षक होते."

आरतीचं हसू तिथेच थांबलं. तिचं माहेर अकोल्याचं. वडील भगवंतराव निवृत्त शिक्षक, आणि जावयानं लिहिलेलं ते मानपत्र त्यांनी देवघरापेक्षा उंच टांगलेलं.

"म्हणजे बाबांचं मानपत्र तुम्ही गावात वाटत सुटलात?" ती म्हणाली.

"वाटलं नाही. मजकूर वापरला."

"बाबांचा!" असं म्हणून ती आत गेली. नंतर बरेच दिवस सरांच्या ताटात भाजी पडायची, पण शब्द पडत नसे. दोन्ही म्हाताऱ्यांना मात्र एकदम हलकं वाटलं. आपण दोघंही उष्टंच जेवलो म्हटल्यावर त्यांची आपसातली कुरबुर मिटली. ते बसले, चहा प्यायले.

"आता पोरीचं काय?" नत्थुजी म्हणाले. "तिनं माह्या इज्जतीचं अकोल्यासाठी काय करून ठेवलं, थे तर वाचा. मले तिनं दाखवलंच नाही."

सरांनी वाचलं. मृदुभाषीपाशी नत्थुजी ओरडले, "मी कवा ओरडतो?" कूलरपाशी देवरावजी म्हणाले, "खरंच आहे बाप्पा." डबे आले, ताप आलेला पोरगा आला, तेव्हा नत्थुजींनी दुपट्टा तोंडाला लावला.

"बुढीनं सांगतलं असन," ते शेवटी म्हणाले. "मी तर इसरलो होतो. गुर्जी, हे जाऊ द्या अकोल्याले. फक्त थे कूलरचं तेवढं काढा."

सरांना एकदम सुटका दिसली. कूलर काढू, वटवृक्ष काढू, जनावरं तर काढूच काढू. मग डोळ्यांपुढे खुशीची मिटलेली वही आली. "नाही काढता येत," ते म्हणाले.

"काहून?"

"खरं आहे म्हणून. तसा शब्द दिलाय पोरांना."

"मंग राहू द्या," नत्थुजी म्हणाले. "इज्जत तं तुमची बी चाललीच हाय."

सोमवारी सरांनी वर्गात खुशीचं नाव जाहीर केलं. सगळ्यात आधी नितेशनं टाळी वाजवली. खुशी हसली नाही, पण वही उघडली.

राहिलं सरकारी काम. मेळाव्याची माहिती संगणकावर भरायची होती. पुस्तकाचं नाव : मानपत्र. लेखक ही जागा रिकामी सोडता येत नव्हती. मॅडमनी सरांकडे पाहिलं, सरांनी पंख्याकडे पाहिलं, आणि मॅडमनी 'गजेंद्र मोहोड' असं टंकलं. पुढे साहित्यप्रकार निवडायचा होता. "चरित्र टाका," सर म्हणाले. मॅडमनी चष्मा वर करून मानपत्राची नक्कल सावकाश वाचली, आणि 'कल्पित कथा' निवडलं.

अकोल्याला चौघं गेले : सर, खुशी आणि दोन्ही वटवृक्ष. सर गाडी करणार होते, पण नत्थुजींनी ऐकलं नाही. "मी कंडक्टर मानूस, एसटीनंच येईन." रस्ताभर ते गाडीच्या कंडक्टरला काय चुकतं ते सांगत राहिले. मूर्तिजापूरपर्यंत त्या बिचाऱ्यानं हूं हूं केलं, नंतर तो ड्रायव्हरजवळ जाऊन उभा राहिला. मार्च उतरणीला लागला होता आणि अकोल्यानं आपलं ऊन बाहेर काढलं होतं.

सभागृहात पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून सरांचे सासरे भगवंतराव बसलेले. लेकीनं फोनवर काही सांगितलं होतं का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

खुशी मंचावर गेली. तिनं हात मागे घेतले नाहीत, मान झुकवली नाही, 'माननीय' म्हटलं नाही. सरळ वाचायला लागली. कूलरपाशी सभागृह हसलं. हजारो जनावरांपाशी लोक मागेपुढे हलून हसले, आणि सर खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढं सरकले. मग डबे आले. हसू थांबलं. फक्त मागच्या रांगेत कोणीतरी फोनवर बोलत होता.

नत्थुजी उभे राहिले आणि गरजले, "चूप बे! पोट्टी वाचून राहिली नं!"

मंचावरून खुशीनं आजोबांकडे पाहिलं, मग सभागृहाकडे पाहून म्हणाली, "हेच ते मृदुभाषी." कागदात नसलेलं हे वाक्य ती बोलून गेली आणि छप्पर उडायची पाळी आली. टाळ्या थांबेनात. आणि खुशी हसत होती. सरांनी ते पाहिलं आणि खुर्चीत सरळ बसले. आता काय व्हायचं ते होवो, असं त्यांना वाटलं.

पहिलं बक्षीस दुसऱ्याच शाळेच्या मुलाला मिळालं. त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'यातून आपल्याला चांगला बोध मिळतो.' खुशीला उत्तेजनार्थ. नत्थुजी परीक्षकांना घडवायला निघाले होते, देवरावजींनी त्यांचा सदरा धरून ठेवला.

शेवटी मार्गदर्शक शिक्षकांचा सत्कार. मोहोड सरांचं नाव पुकारलं गेलं. शाल, श्रीफळ आणि चौकटीतलं सन्मानपत्र. सरांना आजवर असं काही मिळालं नव्हतं. लोकांसाठी इतकं लिहिलं, पण स्वतःसाठी कोणी लिहिलेलं हातात धरायची ही पहिलीच वेळ. त्यांनी आधी आपलं नाव पाहिलं, ते बरोबर होतं. मग पहिली ओळ वाचली.

'आपण म्हणजे जणू एक विशाल वटवृक्ष...'

भगवंतराव उठून जवळ आले आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली. "संयोजक मजकूर शोधत होते. मी म्हटलं, माझ्या भिंतीवर आहे की! यापेक्षा सुंदर मजकूर उभ्या वऱ्हाडात नाही." मग आवाज खाली करून म्हणाले, "आरतीचा फोन आला होता. गावात वाटलंत म्हणे. म्हटलं, मीही वाटतो."

परतीच्या गाडीत चौघं मागच्या लांब सीटवर बसले. मांडीवर चौकट घेऊन सरांनी ते सगळं वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शांत, संयमी, मृदुभाषी. हजारो विद्यार्थ्यांना घडविले. आपलं काहीतरी कुठेतरी असेल म्हणून त्यांनी पुन्हा वाचलं. बकरी नव्हती, फळ्यावरचं काहून नव्हतं, खुशी नव्हती. आणि तरीही ते घरी समोरच्या खोलीत टांगायचं हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

"झाले तुमीबी वड," देवरावजी म्हणाले. "सरकून बसा, आमाले जागा द्या."

खुशीनं चौकटीत डोकावून पाहिलं. "काय वाटलं, सर?"

सरांनी थोडा विचार केला. खोटं बोलायची सोय त्यांनीच बंद केली होती. "चांगलं वाटलं. आणि मी यात कुठे सापडलो नाही, म्हणून वाईट वाटलं."

खुशीनं दप्तरातून वही काढली. गाडी हलत होती तरी तिनं पानावर सरांचं नाव नीट लिहिलं. "तुमच्यावर मी लिहू, सर? खरं?"

नत्थुजी आणि देवरावजी दोघंही पुढे वाकले. सरांनी चौकट छातीशी धरली. खिडकीतून गरम वारा येत होता.

"लिही," ते म्हणाले. "काही विचारायचं असलं तर मला विचार. घरी येऊन आरतीबाईंना विचारू नको."

"काहून, सर?"

"आमच्याकडेही कूलर आहे."